कुणी मागितलंय, ते आधी बघ

प्रताप मगदूम गेला त्या सकाळी मी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. रविवार होता. खालून नंदानं, माझ्या बायकोनं, हाक मारली. ती नेहमीची हाक नव्हती, म्हणून झारी तिथंच टाकून मी खाली आलो. फोनवर अंजनावहिनी होत्या. "भावजी, हे उठंनात," एवढंच म्हणाल्या. मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं, असं सांगून गेले होते. प्रताप डाव्या कुशीवर होता, एक हात उशीखाली, जसा माणूस दुपारी घटकाभर आडवा होतो तसा. त्याच्या दारात उभं राहून माझ्या मनात जे पहिलं वाक्य आलं, ते लिहायला मला आजही संकोच वाटतो. 'अरेरे' आलं नाही, देवाचं नाव आलं नाही. मी मनात म्हटलं, काल मी याला भर उन्हात जयसिंगपूरला नेलं होतं.

त्याला आता दीड महिना झाला. त्या दीड महिन्यात हे वाक्य माझ्यापासून हललं नाही. भेटायला आलेली माणसं म्हणायची, "तुम्ही तर शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर होता, तुमचं बरं." मी मान हलवायचो आणि आतून कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. मीच फोन केला होता त्याला. मीच गाडी घेऊन त्याच्या दारात गेलो होतो. दोन जिने मीच चढायला लावले होते. मी बोलावलं नसतं, तर तो घरी पंख्याखाली पडून राहिला असता, आणि कदाचित... या 'कदाचित'च्या पुढं मला जाता येत नव्हतं. प्रतापला हे कळलं असतं, तर तो खच्चून हसला असता. कारण मला तो 'आरोपी' म्हणायचा. गेली वीस-बावीस वर्षं मला सुहास न म्हणता या नावानं हाक मारणारा तो एकच माणूस होता.

नावाची गोष्ट साधी आहे. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आमची छोटी कंपनी होती. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लागणारे प्रोग्रॅम आम्ही करून द्यायचो. मी तिथं नवा होतो. प्रताप माझ्या आधीपासून होता आणि डेटाबेस तो सांभाळायचा. उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की खालच्या क्लासमधले सर जिना चढून वर यायचे आणि "जरा हळू, मुलांचा पेपर आहे" म्हणून जायचे. पहिल्याच आठवड्यात प्रिंटर अडकला. मी त्याच्या जवळपासही नव्हतो, तरी उठून म्हणालो, "माझंच काहीतरी चुकलं असेल, बघतो." प्रतापनं खुर्ची गर्रकन वळवली आणि मला खालून वर न्याहाळलं. "जल्माला आल्या आल्या नर्सची माफी मागितलेली का रं तू?" सगळे हसले. मीही हसलो, आणि सवयीनं म्हणालो, "सॉरी." त्या दिवसापासून मी आरोपी.

माझा स्वभावच तसा आहे, हे कबूल करतो. कुठं काही बिघडलं की मला पहिल्यांदा माझे हात दिसतात. घरी दूध उतू गेलं, तर मी शेजारच्या खोलीत असलो तरी अपराध्यासारखा येऊन उभा राहतो. नंदाला याचा राग येतो. प्रतापला मात्र कुतूहल वाटायचं. त्याच्या कामाचाच तो भाग होता, असं मला नंतर कळलं.

ते काम थोडं समजावून सांगितलं पाहिजे, नाहीतर प्रताप समजणार नाही. डेटाबेस म्हणजे माहितीचं गोदाम. त्यातून काही काढायचं, तर ठरावीक भाषेत मागणी लिहावी लागते. एसक्यूएल म्हणतात त्या भाषेला. माहिती फार असेल तर गोदाम ती एकदम अंगावर ओतत नाही. कुठवर दिलं याची एक खूण धरून ठेवतं, आणि मागणारा 'पुढचं द्या, पुढचं द्या' म्हणत राहतो. त्या खुणेला कर्सर म्हणतात. गंमत अशी, की गोदामात एकदम गर्दी झाली, सगळं तुंबलं, आणि काय चाललंय म्हणून आपण डोकावलो, तर मूळ मागणी दिसतच नाही. दिसतं ते एवढंच, की अमक्या नंबरच्या कर्सरमधलं पुढचं द्या. कुणी काय मागितलं होतं, कशासाठी मागितलं होतं, त्याचा पत्ता नाही.

प्रतापनं मला हे मिसळ खाताना शिकवलं. आम्ही बाकड्यावर बसलो होतो, आणि वाढप्यानं आत ओरडून सांगितलं, "पाचला कट!" म्हणजे पाच नंबरला मिसळीचा तिखट रस्सा आणखी. प्रतापनं पावाचा तुकडा हातातच धरला. "ऐकलास? आत पातेल्यापाशी जो बसलाय, त्याला पाच नंबरला कट पायजे एवढंच कळतंय. पाचवर कोण बसलंय, त्यानं पहिल्यांदा काय मागवलं, एक मिसळ का चार, त्याला काय ठावं न्हाय. तो आपला वाढतोय. आणि दुपारच्या आधी कट संपला की शिव्या कुणाला? पातेल्यापाशी बसलेल्याला. कुणी भाईर येऊन पाच नंबरचं तोंड बघत न्हाय."

"मग काय करायचं?"

"भाईर यायचं की!" तो म्हणाला. मग खरोखरच मान वळवून पाच नंबरकडं बघितलं. तिथं एक किरकोळ अंगाचे म्हातारे गृहस्थ एकटेच बसून कटावर कट मागवत होते. प्रतापनं त्यांना लांबूनच विचारलं, "पावणं, किती वेळा वाढून घेतला?" ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "सर्दी झालीया ओ." प्रताप माझ्याकडं वळला. "बघ. मूळ कारण सर्दी."

त्याची ही पद्धत आमच्या धंद्यात कुणाला पटायची नाही. सर्व्हर तुंबला की जो अडवतोय त्याचं सेशन, म्हणजे सर्व्हरशी असलेली त्याची चालू जोडणी, मारून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, ही सगळ्यांची रीत. एक आज्ञा दिली की काम झालं. प्रताप ते सहसा करायचा नाही. "मारायला काय लागतंय? कुणी मागितलंय, ते आधी बघ." हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं बसलं होतं, की वहिनी त्याची नक्कल करायच्या. "भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं, तरी हे आधी चौकशीला बसतात," त्या मला सांगायच्या. "मीठ कुणी टाकलं, कधी टाकलं, चमचा कुठला होता. तोवर भाजी गार!" प्रताप ताटावरून मान न उचलता म्हणायचा, "मग कुणी टाकलेलं?" वहिनी म्हणायच्या, "तुमच्या आईनं." त्यावर तो गप्प जेवायचा.

त्याचं ते शोधणं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शिरोलीतल्या एका फाउंड्रीत. भट्टीत धातू वितळला की त्यातला थोडासा ओतून नाण्यासारखी एक चकती करतात. तिला तिथं कॉइन म्हणतात. ती लॅबमध्ये घासून यंत्राखाली धरली, की धातूत काय किती आहे त्याचा निकाल येतो. तो निकाल भट्टीजवळच्या पडद्यावर दिसला की मगच पुढं ओतकाम. त्या सकाळी निकाल दिसेनात. भट्टीत रस तयार आणि पडदा कोरा. फोन आला तसा मी पोचलो. सर्व्हरवर एक सेशन सगळ्यांना अडवून बसलं होतं, आणि त्यातून दिसत होता फक्त एक कर्सर. मी ते मारलं. थोड्या वेळानं ते परत उगवलं. मी पुन्हा मारलं. पुन्हा उगवलं. तेव्हा मला आठवलं, की आदल्याच आठवड्यात मी तिथल्या एका रिपोर्टमध्ये बदल केला होता. झालं. मालक शेजारी उभे होते. मी त्यांना सांगून टाकलं, "मालक, हे माझ्यामुळं झालंय. मी गेल्या आठवड्यात बदल केला होता."

"मग नीट करा की!" मालक ओरडले. "भट्टीत माल धरून ठेवलाय मी. तो काय चहा हाय व्हय, परत गरम करून प्यायला?"

तेवढ्यात प्रताप आला. हेल्मेट डोक्यावरच. मालकांनी माझ्याकडं बोट दाखवलं, "ह्यांनी कबूल केलंय." प्रताप म्हणाला, "ह्याचं काय ऐकताय मालक? भूकंप झाला तरी ह्यो म्हणंल, मी पाय आपटला." आणि खुर्ची ओढून बसला. मी त्याला सांगितलं, दोनदा मारलं, पुन्हा येतंय. "येणारच की. भुकेल्या माणसाच्या म्होरचं ताट वढलंस, तर तो दुसरं मागवंल. आता मारू नको. आता उघडा हाय कर्सर, उघडा हाय तोवरच सर्व्हर सांगंल मूळ मागणी काय हुती ती. एकदा मिटला की इसरला." हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुंबलेल्या कर्सरला मी शत्रू समजून मारत होतो, आणि मारताना त्याची जबानीही पुसून टाकत होतो.

त्यानं सर्व्हरला विचारलं, या सेशनजवळ कुठले कर्सर उघडे आहेत आणि त्यांचं मूळ वाक्य काय. पडद्यावर सात-आठ ओळी उमटल्या. प्रताप वाचू लागला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला," तो म्हणाला. "हे अक्षर वळखतोस?" मी ओळखलं. आमच्या अख्ख्या कंपनीत स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला टाकणारा माणूस एकच होता. प्रताप उठला आणि मालकांना म्हणाला, "आरोपी घावला."

"कोण?"

"मी." त्यानं आता कुठं हेल्मेट काढलं. "कंपनी नवी हुती तवा लिवलेलं. सगळे नमुने पहिल्यापासनं दाखवायचे, आणि दाखवताना ओळ धरून ठेवायची, दुसऱ्या कुणी तिला हात लावू ने म्हणून. तवा नमुने हुते मूठभर. आता त्या धरलेल्या ओळींच्या मधी नवीन निकाल लिवायला जागा मिळंना. लिवलं तवा बरोबर हुतं, आज चूक हाय. दुपारपतूर बदलून देतो."

एवढंच. मी बघत राहिलो. स्वतःची चूक इतकी हलकी उचलता येते, एखादी पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी तशी, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. पण त्याचं अजून संपलं नव्हतं. मालक म्हणाले, "सापडलं न्हवं? मग करा बंद." प्रताप म्हणाला, "मागणी सापडली. मागणारा कुठं सापडला?" आणि सेशन ज्या यंत्रावरून आलं होतं, त्याचं नाव बघून तरातरा आवार ओलांडून लॅबकडं निघाला. मागं मी, माझ्या मागं मालक.

लॅबमध्ये वैशाली कांबळे होत्या, तिथल्या प्रमुख. पाठमोऱ्या उभ्या राहून चकती घासत होत्या. बाजूच्या कॉम्प्युटरवर नमुन्यांची यादी आपोआप वर सरकत होती, आणि कीबोर्डवर, खाली जायच्या बाणाच्या बटणावर, लोखंडाची एक चकती ठेवलेली होती.

"मॅडम, हे काय?" प्रतापनं विचारलं.

"कॉइन हाय. दिसत न्हाय व्हय?"

"कीबोर्डवर?"

"मग काय करू? तडा गेलेलं एक कास्टिंग गिऱ्हाइकाकडनं परत आलंय. तसला धातू आधी कवा ओतलेला ते मला हुडकायचं हाय. तुमचा पडदा तर सगळं पहिल्यापासनं दाखवतोय. एका हातानं घासू, का दुसऱ्या हातानं खाली खाली दाबत बसू? त्यात सकाळपासनं दोनदा बंद पडलं तुमचं. दोनदा पहिल्यापासनं आली मी!"

प्रताप सावकाश माझ्याकडं वळला. "आरोपी, आता माग माफी. एवढी तुझी. बाकीची माझी." मी वैशालीताईंची माफी मागितली. आयुष्यात मागितलेल्या असंख्य माफ्यांमधली ती पहिली असावी, जी मोजून माझ्या मापाची होती. प्रतापनं चकती उचलली, पडदा मिटला, आणि भट्टीकडून कुणाचा तरी आरोळी मारल्याचा आवाज आला. निकाल दिसायला लागले होते. मालक पळाले. प्रताप गेला नाही. त्यानं स्टूल ओढलं, वैशालीताईंच्या शेजारी बसला आणि विचारलं, "मॅडम, तुम्हास्नी नेमकं काय बघायचं असतंय?"

"हे इचारायला इतकी वर्सं लागली?"

"लागली. सांगा."

दुपारी तिथून परतताना मी त्याच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून त्याला बोलायला सवड मिळाली. तो मागं न बघता म्हणाला, "तू माफी मागतोस न्हवं, ती लाच असती."

"लाच?"

"चौकशी थांबवायची लाच. 'माझं चुकलं' म्हटलं की समोरचा गप. तुझं काम झालं, त्येचंबी काम झालं. पण मूळ हाय तिथंच ऱ्हातंय. आज मी आलो नसतो, तर तू तुझा रिपोर्ट काढून टाकला असतास, आणि वैशालीबाई अजून चकती ठेवून बसल्या असत्या." मला राग आला होता. मी म्हणालो, "प्रत्येक गोष्टीचं मूळ सापडतंच असं नाही." तो म्हणाला, "न्हाय सापडत. पण न सापडलेलं मूळ म्हणजे तू, हे कुणी सांगितलं तुला?" पुढची गाडी हलली आणि आम्ही निघालो.

पुढं कंपनी वाढली, जागा बदलली. नवी मुलं आली. काही अडलं की सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं, हा त्यांचा मंत्र. प्रताप त्यांना म्हणायचा, "घरात वास आला म्हणून घरच बदलतोस व्हय रं?" पण त्यांच्यावर चिडायचा नाही. कुणी विचारायला आलं, तर आधी त्याला खाली नेऊन चहा पाजायचा. संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर चालायला जायचो. तो चालताना मध्येच थांबून बोलायचा, त्यामुळं आमची फेरी कधी पुरी व्हायची नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो इतका रडला, की नवऱ्या मुलाच्या वडिलांना त्याची समजूत काढावी लागली. मग डोळे पुसून त्यानं त्यांना विचारलं, "जेवणात जिलेबी कुणी ठरवली हुती? झ्याक झालीया." असा माणूस. त्याच्याबरोबरची वर्षं मला चांगली गेली. हे आता मी शांतपणे लिहू शकतो. मधल्या दीड महिन्यात शकत नव्हतो.

तो शनिवार सांगतो. सकाळी जयसिंगपूरहून भूपालअण्णांचा फोन आला. ते धान्याचे व्यापारी, आमचे जुने ग्राहक. त्यांच्या दुकानातला प्रोग्रॅम अडकला होता. जुनाच प्रोग्रॅम, प्रतापनं लिहिलेला, म्हणून मी प्रतापला फोन केला. म्हणालो, मी जातोय, येतोस का? तो म्हणाला, "येतो की. काढ गाडी." मी दारात गेलो तर तो फाटकापाशी उभाच होता. वाटेत नेहमीपेक्षा कमी बोलला. खिडकीतून उसाच्या फडांकडं बघत होता. एकदा म्हणाला, "आरोपी, तुला एक सांगायचंय," आणि मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे, येताना." अण्णांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्यावर तो कठडा धरून थांबला. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "जिना कुणी बांधला बघतोय." आम्ही हसलो. वर गेल्यावर त्यानं नेहमीसारखं उघडा कर्सर शोधला, मूळ वाक्य काढलं, अण्णांच्या सुनेला शेजारी बसवून तिला काय हवं होतं ते विचारलं. तासाभरात काम झालं. येताना त्याला डुलकी लागली. मी त्याला उठवलं नाही. घराशी सोडलं, तो हात वर करून आत गेला. काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

तो गेल्यावर मी सगळं केलं. धावपळ केली, दिवसकार्याला उभा राहिलो, बँकेची कामं करून दिली. फक्त वहिनींच्या डोळ्याला डोळा दिला नाही. त्यांच्याशी बोलताना मी भिंतीशी बोलायचो, दाराशी बोलायचो. त्या चहा आणायच्या, मी तो घाईनं पिऊन उठायचो. मला वाटायचं, एक दिवस त्या विचारतील, भावजी, कशाला नेलं होतं त्यांना? प्रतापला विचारायची सोय राहिली नव्हती. मिटलेल्या कर्सरपाशी काही विचारता येत नाही, हे त्यानंच शिकवलं होतं. शेवटी नंदाच चिडली. "इथं बसून कबुली देत राहण्यापेक्षा त्यांना जाऊन सांगून ये. काय शिव्या द्यायच्या त्या त्या देतील."

गेल्या आठवड्यात गेलो. वहिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी दारातच उभा राहून बोलून टाकलं. ऊन, जिने, फोन, सगळं. "मी त्याला नेलं नसतं, तर तो गेला नसता, वहिनी. माझ्यामुळं झालं." वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या, मग गॅस बंद केला आणि पीठ लागलेल्या हातांनी स्टुलावर बसल्या.

"झालं बोलून?"

"हो."

"मग आता मी सांगते. त्याआधी पंधरा दिवस ह्यांच्या छातीत दुखलेलं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितलेली. सोमवारची वेळ घेतलेली. तुम्हाला सांगितलं न्हवतं, का तर म्हणे आरोपी घाबरंल. मी ह्यांची स्कूटरची किल्ली डब्यात लपवून ठेवलेली. घरात बसून बसून हे नुसते चिडचिडे झालेले." त्या थांबल्या. पदरानं कपाळ पुसलं, तिथं पीठ लागलं. "शनिवारी त्या जयसिंगपूरवाल्या अण्णांचा फोन पहिल्यांदा ह्यांनाच आला. मी मोरीत होते, मला सगळं ऐकायला येत होतं. हे हळू आवाजात म्हणाले... म्हणजे ह्यांचा हळू, तुम्हाला ठावं हाय... म्हणाले, 'अण्णा, मला न्हवं, सुहासला फोन करा. तो मला घेऊनच जाईल. गाडीतनं न्यायला आला तर बायको न्हाय म्हणणार न्हाय.'"

मी दारातून आत आलो.

"मी बाहेर आले तर हे नवा शर्ट घालून आरशापुढं. तुमचा फोन त्यानंतर आला, भावजी. मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणाले, आरोपीशी बोलायचंय, सोमवारी दवाखान्यात त्यालाच न्यायचाय बरोबर, त्याला आधी तयार केला पायजे. मग मी गप बसले." त्या आपल्या हातांकडं बघत होत्या. "मला बी वाटलं की. मी का सोडलं? तोंड का उघडलं न्हाय? चार राती तेच. मग म्हटलं, ह्यांच्यासारखंच बघावं. कुणी मागितलेलं? तर ह्यांनीच. हौसेनं. माणसाला जायचं होतं, गेला, काम केलं, घरी येऊन आमटी-भात खाऊन झोपला." आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "आणि तुम्ही? दीड महिना माझ्याकडं बघत न्हवता! मला वाटलं, ह्यांचं दुखणं लपवलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलाय!"

त्या क्षणी मला प्रतापचं ते लाचेचं बोलणं पुरतं समजलं. मी कबुली देऊन बसलो होतो, स्वतःला, रोज, आणि त्या कबुलीच्या आड ही बाई एकटी उभी होती. मी त्यांच्याकडं बघितलं. कपाळावर पीठ, डोळे भरलेले, आणि ओठांवर प्रतापला लाजवील असा त्रागा. मी म्हणालो, "वहिनी, दीड महिन्याचं चुकलं." त्या म्हणाल्या, "एवढं चुकलं खरं. बसा आता, भाकरी गार झाली." आम्ही जेवलो. बऱ्याच दिवसांनी त्या घरात मी दुसऱ्यांदा आमटी मागितली.

ऐकीव गोष्ट प्रतापनं कधी मानली नसती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटाच जयसिंगपूरला जाऊन आलो. भूपालअण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "व्हय की. मी आधी मगदूमसायबांनाच लावलेला. ते म्हणले, त्याला सांगू नका मी सांगितलंय म्हणून, न्हायतर तो मला घरीच बसवंल. आणि काय हसत हुते ओ! पोरगं शाळा चुकवतंय तसं." मी अण्णांकडं चहा घेतला आणि जिना उतरलो. उतरताना कठड्यावर हात ठेवून थोडा थांबलो, एवढंच.

त्या संध्याकाळी नंदाला घेऊन बाजारात निघालो. प्रताप गेल्यापासून माझ्या गाडीत शेजारी कुणी बसलं नव्हतं, नंदाही नाही. मी तिला न्यायचं टाळत होतो. ती बसली आणि मागच्या मागं गेली. सीट पार शेवटपर्यंत मागं सरकवलेली, पाठही कललेली. त्याच्या लांब पायांना पुरावी म्हणून त्यानं शनिवारी फाटकापाशीच ती ढकलली होती, आणि मी तिला हात लावला नव्हता. नंदाचे पाय कुठंच पोचत नव्हते. मी म्हणालो, "खाली डाव्या हाताला दांडी आहे, ओढ म्हणजे पुढं येईल." तिनं दांडी चाचपली. मग हात काढून घेतला, चपला काढल्या आणि मागं रेलली.

"राहू दे," ती म्हणाली. "ऐसपैस आहे. चला."